मांजर घरात, पाखरे अंगणात

सकाळी उठावे, अंगण झाडावे, सडा घालावा आणि मूठभर दाणे पाखरांना टाकावेत. ही आपल्याकडची जुनी चाल आहे. मुलाला भरवताना आई म्हणते, हा घास चिऊचा, हा घास काऊचा. सुगी झाली की पुष्कळ घरी कणसे नाहीतर भाताच्या लोंब्या दारावर बांधतात. पाखरे येतात, चार दाणे टिपतात. मुले बघत बसतात. घर भरल्यासारखे वाटते.

त्याच घरात एक मांजरही असते. ते नुसते हौसेखातर ठेवलेले नसते. घरात धान्य आले की मागोमाग उंदीर येतात. उंदीर खातो थोडे आणि नासतो फार. पोत्यांना भोके पाडतो. कपडे कुरतडतो. त्याच्या मुतातून लेप्टोसारखा रोग माणसाला होतो. म्हणून घरात मांजर हवे, असे आपण म्हणतो. ते खरेच आहे.

या दोन्ही गोष्टी चांगल्या. पण त्या एकाच अंगणात आल्या की भलतेच घडते. दाणा आपण टाकतो. पाखराला आपण बोलावतो. आणि ते मांजराच्या तोंडी जाते. पुण्य करायला गेलो आणि पाप पदरी आले, अशी गत होते. हे कसे टाळावे, ते या धड्यात पाहू.

एका घरातली गोष्ट

एक घर होते. घरात सासू, सून आणि नातू होता. सासूबाई रोज सकाळी जोंधळे पाखडीत आणि फुटके दाणे तुळशीपाशी टाकीत. चिमण्या येत. होले येत. साळुंक्या येत. अंगणाच्या कडेला तुरकाट्यांचा ढीग होता. घरची मनी त्या ढिगाआड दबून बसे.

एके दिवशी तुळशीपाशी पिसे पडलेली दिसली. दुसऱ्या दिवशीही दिसली. तिसऱ्या दिवशी नातवाच्या डोळ्यांदेखत मनीने चिमणी उचलली. पोर रडायला लागले. सासूबाईंनी काठी घेतली.

"या मनीला आजच्या आज पोत्यात घाल आणि रानात सोडून ये," त्या सुनेला म्हणाल्या. "रोज दूध-भाकरी खाते आणि वर पाखरं मारते. काय कमी केलं होतं तिला?"

सून म्हणाली, "आत्याबाई, मनीला सोडू. पण मग बियाची कणगी कोण राखील? मागं मांजर नव्हतं तेव्हा भुईमुगाचं बी उंदरांनी नेलं. उसनं बी आणावं लागलं."

"मग काय, पाखरांना दाणाच घालू नको म्हणतेस?"

"तसं कुठं म्हणते मी? पण आत्याबाई, तुम्ही दूध कुठं ठेवता?"

"कुठं म्हणजे? शिंक्यावर."

"ते का बरं?"

"खाली ठेवलं तर मांजर शिल्लक ठेवील होय?"

सून हसली. म्हणाली, "मग दूध शिंक्यावर आणि पाखरं तेवढी खाली, मांजराच्या पुढ्यात! हे कसं?"

सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली.

मंडळी, सुनेने विचारले ते आपणही विचारले पाहिजे. दूध सांडले तर दुसरे मिळते. चिमणी मेली तर घरट्यातली पिल्लेही मरतात. मग जपायचे कशाला जास्त?

पोट भरलेले मांजर शिकार का करते?

"खायला देतो, तरी मारते," असे आपण चिडून म्हणतो. पण मांजराची भूक वेगळी आणि मांजराची शिकार वेगळी. पाखरू फडफडले किंवा उंदीर सरसरला की मांजराचे अंग आपोआप दबते. तो त्याचा स्वभाव आहे. त्यात राग नाही, लबाडी नाही. मारून शिकवले तरी ते जात नाही. मार खाल्ल्यावर मांजर आपल्या डोळ्याआड शिकार करते, एवढेच.

याच स्वभावामुळे ते भरल्या पोटीही उंदीर मारते. म्हणून "मांजराला उपाशी ठेवा म्हणजे उंदीर पकडील" हा समज खोटा आहे. उपाशी मांजर उलट घर सोडते आणि दुसऱ्याच्या चुलीपाशी जाते.

आता मांजराच्या खाण्याचे पाहू. मांजर हे मांस खाणारे जनावर आहे. टॉरिन नावाचे एक द्रव्य त्याला लागते. ते मांस-मासळीतून मिळते. ते न मिळाल्यास मांजराचे डोळे आणि काळीज बिघडते. दूध-भाकरीत ते पुरेसे नसते. मोठ्या झालेल्या पुष्कळ मांजरांना तर दूध पचत नाही. त्यांना ढाळ लागते. तेव्हा घरात मासळी किंवा कोंबडी होत असेल तर तिचे उरलेसुरले, तिखट-मीठ न लावलेले, मांजराला द्यावे. शिजवलेली हाडे मात्र देऊ नयेत. कांदा-लसूणही देऊ नये. तो मांजराला बाधतो.

याचा पाखरांशी काय संबंध? संबंध आहे. इंग्लंडातल्या एक्सिटर विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०२१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी २१९ घरांतली ३५५ मांजरे पाहिली. ज्या मांजरांना भरपूर मांस असलेले खाणे दिले, त्यांनी मारून घरी आणलेली जनावरे शेकडा ३६ ने कमी झाली. ज्या मांजरांशी घरची माणसे रोज ५ ते १० मिनिटे खेळली, त्यांची शिकार शेकडा २५ ने कमी झाली. खेळ तरी कसला? काडीला दोरी बांधायची, दोरीला पीस किंवा चिंधी बांधायची आणि मांजरापुढे नाचवायची. हे तर आपल्या घरातले कोणतेही पोर करील.

पण एक ध्यानात ठेवा. शिकार कमी झाली, बंद झाली नाही. म्हणून खाणे आणि खेळ पुरे नाहीत. वेळ आणि जागाही सांभाळावी लागते.

एका घराचे नुकसान किती?

कोणी म्हणेल, "एक मांजर, एक चिमणी. त्यात एवढे काय?" एका घरचे थोडे दिसते. सगळ्या घरांचे मिळून फार होते. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली हिशेब मांडला. त्या देशात मोकळी हिंडणारी मांजरे वर्षाला १३० कोटी ते ४०० कोटी पाखरे मारतात, असा त्यांचा अंदाज निघाला. त्यांतली पुष्कळशी पाखरे बेवारशी मांजरे मारतात. पण बेवारशी मांजर तरी येते कोठून? कोणीतरी पिल्ले नको म्हणून गावाबाहेर सोडतो, तेथून.

न्यूझीलंड देशात स्टीफन्स नावाचे एक लहानसे बेट आहे. तेथे १८९४ साली दीपगृह सुरू झाले. माणसांबरोबर मांजरेही आली. त्या बेटावर एक बारकी पाखरू-जात राहत होती. ती उडत नसे, जमिनीवरच पळे. थोड्याच वर्षांत ती जात संपली. आज त्यातले एकही पाखरू जिवंत नाही.

आपल्याकडची चिमणी अशी संपलेली नाही. पण पुष्कळ शहरांत ती पूर्वीसारखी दिसत नाही. तिची आठवण राहावी म्हणून २०१० सालापासून २० मार्च हा दिवस जागतिक चिमणी दिवस म्हणून पाळतात. त्याची सुरुवात नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या संस्थेने केली. चिमणीवर संकट आले ते एकट्या मांजरामुळे नव्हे. सिमेंटच्या घरांना वळचण नसते, म्हणून घरट्याला जागा मिळत नाही. औषधांच्या फवारणीने किडे मरतात, म्हणून पिल्लांना चारा मिळत नाही. चिमणी स्वतः दाणे खाते, पण पिल्लांना बहुतेक किडे आणि अळ्या भरवते. म्हणजे ती शेतकऱ्याचे कामही करते. अशा पाखराला आपल्याच दारात मरण येऊ नये.

वेळ वाटून द्या

पाखरे सर्वांत जास्त कधी चरतात? पहाटे उजाडल्यावर आणि सूर्य मावळण्याआधी. मांजर शिकारीला कधी निघते? त्याच सुमाराला, तांबडे फुटताना आणि दिवे लागणीला. दोघांची वेळ एकच आहे. इथेच घोटाळा होतो.

आणि उंदीर कधी निघतात? रात्री.

म्हणजे मांजराची पाळी रात्रीची आणि पाखरांची पाळी दिवसाची, अशी वाटणी करता येते. दिवेलागणीला मांजराला खायला घालून घरात घ्यावे. रात्रभर त्याने कणगीपाशी राहावे. सकाळी दार उघडले तरी त्याला लगेच सोडू नये. पाखरांचे चरून होईपर्यंत, म्हणजे नऊ-साडेनऊपर्यंत, ते आतच राहू द्यावे. रात्री जागलेले मांजर तोवर स्वतःच कोठे तरी अंग मुडपून झोपते.

पहिले आठ-दहा दिवस मांजर दाराशी ओरडेल. त्याला सवय लागायला वेळ लागतो. रोज ठरल्या वेळी घरातच खायला मिळते असे कळले की ते आपण होऊन येऊ लागते. घाण होऊ नये म्हणून एका जुन्या घमेल्यात वाळू किंवा कोरडी माती घालून कोपऱ्यात ठेवावी. मांजर तेथेच खड्डा करून बसते. ती माती रोज बदलावी आणि हात साबणाने धुवावेत.

एक धोक्याची सूचना. घरात उंदरांचे औषध टाकत असाल तर मांजर तेथे ठेवू नका. औषध खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला तर मांजरही मरते. घुबडाने खाल्ला तर घुबड मरते. घुबड अशुभ नाही. ते रात्री उंदीरच खाते. मांजर तरी ठेवा, नाहीतर औषध तरी टाका. दोन्ही एकदम नको.

जागा उंच करा

आता दाणा ठेवण्याची जागा. दाणा जमिनीवर टाकू नये, हा पहिला नियम.

पाखरांचे शिंके असे करावे. एक करवंटी किंवा मातीची परळ घ्यावी. तिला तीन सुतळ्या बांधाव्यात. करवंटीच्या बुडाला दोन बारीक भोके पाडावीत, म्हणजे पावसाचे पाणी साचत नाही. हे शिंके झाडाच्या फांदीला टांगू नये. फांदीवर मांजर चढते. दोन खांबांना तार ताणावी आणि तारेच्या मधोमध शिंके टांगावे. ते माणसाच्या डोक्याएवढे उंच असावे. मांजर जागच्या जागी चार-पाच फूट उडी घेते, म्हणून त्याहून खाली नको. आणि आपला हात पोचेना इतके उंचही नको, कारण ते धुवायचे असते.

शिंक्यावर चिमण्या येतील. पण होला, साळुंकी ही पाखरे सपाट जागेवर टिपणारी. त्यांच्यासाठी एक खांब रोवावा आणि वर पाटाएवढी फळी ठोकावी. शेतात आपण माळ्यावर बसून गोफणीने पाखरे हाकतो. घरी पाखरांनाच माळा बांधून द्यायचा!

या खांबावर मांजर चढेल. म्हणून खांबाच्या मध्याला गुळगुळीत पत्रा गुंडाळावा. पत्रा दोन फूट उंचीचा असावा. तेलाचा रिकामा डबा कापला तरी काम होते. नारळावर उंदीर चढू नये म्हणून बागाईतदार असाच पत्रा बांधतात. पत्र्यावर नखे रुतत नाहीत. पत्र्याच्या कडा ठोकून वळवाव्यात, म्हणजे मुलांचे हात कापणार नाहीत. शिंक्याच्या खांबांनाही असाच पत्रा लावावा.

शिंके असो की फळी, ती भिंतीपासून, गंजीपासून, झुडपापासून पाच हात तरी दूर असावी. मांजर दबा धरून येते. त्याला दडायला जागा नसली की पाखराला ते लांबूनच दिसते. पाखराला तेवढेच पुरते. दहा-बारा हातांवर एखादे बोरीचे किंवा बाभळीचे झाड असावे. शिक्रा आला तर पाखरे त्यात शिरतात.

दाणे खाली सांडतात आणि ते टिपायला पाखरे खाली उतरतात. म्हणून दाणे थोडेच घालावेत. शिंक्याखाली बोराटीच्या फांद्या पसराव्यात. काट्यांत मांजर पाय घालीत नाही. मात्र मुले अनवाणी खेळतात तेथे काटे टाकू नयेत. तेथे नुसते झाडून घ्यावे.

एक खूण सांगतो. अंगणात सातभाई किंवा बुलबुल एकदम कलकलाट करू लागले तर बाहेर येऊन बघा. जवळपास मांजर, साप किंवा मुंगूस असते. पाखरे आपला पहारा आपणच करतात. आपण फक्त कान द्यायचा.

काय घालावे, किती घालावे

ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदळाची कणी, हे चांगले. खारट, तेलकट, तिखट घालू नये. बुरशी धरलेले शेंगदाणे किंवा धान्य कधीही घालू नये. बुरशीत विष असते. ते जनावराला चालत नाही आणि माणसालाही चालत नाही.

सर्वांत मोठी काळजी बियाण्याची. पेरणीनंतर पिशवीत थोडे बी उरते. त्याला औषध चोळलेले असते. त्याचा रंग लाल, हिरवा किंवा निळा दिसतो. "पेरून झालं, आता पाखरांना टाका," असे म्हणू नका. ते बी पाखरांनी खाल्ले तर पाखरे मरतात. असे मेलेले पाखरू मांजराने खाल्ले तर त्यालाही धोका असतो.

दाणा मूठभरच पुरे. तो संध्याकाळपर्यंत संपला पाहिजे. उरला तर उचलून ठेवावा. नाहीतर रात्री उंदीर जमतात. म्हणजे उंदरांसाठी मांजर ठेवायचे आणि उंदरांना दाणाही आपणच घालायचा, असे होते!

एका जागी फार पाखरे जमवणेही बरे नाही. मुंबईत २०२५ साली कबुतरखान्यांवरून मोठा वाद झाला. तो उच्च न्यायालयापर्यंत गेला. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ छातीत गेली तर फुप्फुसांचा आजार होऊ शकतो, हे त्या वादाचे एक मोठे कारण होते. आपल्या अंगणात चार-दहा पाखरे आली तर पुष्कळ झाले. फळी आणि शिंके आठवड्याला घासून धुवावे आणि उन्हात वाळवावे. घाण भांड्यातून एका पाखराचा रोग दुसऱ्याला लागतो.

उन्हाळ्यात दाण्याहून पाण्याची गरज मोठी. पसरट परळीत दोन बोटे पाणी घालावे. मध्ये एक दगड ठेवावा, म्हणजे बारकी पाखरे त्यावर बसून पितात. परळही फळीसारखीच उंचावर आणि मोकळ्या जागी ठेवावी. अंग भिजलेल्या पाखराला लवकर उडता येत नाही. तेव्हा पाण्यापाशी मांजराची भीती जास्त. पाणी रोज ओतून बदलावे. साचलेल्या पाण्यात डास होतात.

घंटा बांधावी का?

त्या घरातल्या नातवाने एक युक्ती काढली. तो म्हणाला, "आजी, मनीच्या गळ्यात घंटा बांधू या. वाजली की चिमण्या उडून जातील."

आजी म्हणाली, "उंदरांच्या सभेत हेच ठरलं होतं रे. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?"

"मी बांधतो की!"

पोराचे बरोबर होते. माणसाला घंटा बांधता येते. पण तिच्यावर भिस्त ठेवू नये. काही प्रयोगांत घंटेने पाखरे वाचली. इंग्लंडातल्या वर सांगितलेल्या प्रयोगात मात्र घंटेचा उपयोग दिसला नाही. त्याच प्रयोगात भडक रंगाच्या रुंद कापडी पट्ट्याने पाखरांची शिकार शेकडा ४२ ने कमी झाली. पाखरांना रंग चांगले ओळखता येतात, म्हणून मांजर त्यांना आधीच दिसते. उंदरांना तसा रंग दिसत नाही. म्हणजे उंदीर मारायला या पट्ट्याची अडचण होत नाही.

पट्टा बांधलात तर तो झटका बसताच सुटणारा असावा. पक्क्या गाठीची सुतळी कधीही बांधू नये. ती फांदीत अडकली तर मांजराला फास लागतो.

पिल्लांचे दिवस

चिमणीचे पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर साधारण दोन आठवडे घरट्यात राहते. मग ते बाहेर पडते, पण त्याला नीट उडता येत नाही. ते जमिनीवर टुणटुण करते. आई-बाप जवळच असतात आणि त्याला भरवतात. हे दिवस सर्वांत धोक्याचे. घराच्या वळचणीला घरटे दिसले की मांजराला त्या दिवसांत जास्त वेळ आत ठेवावे.

असे पिल्लू खाली दिसले तर काय करावे? अंगावर पिसे असतील आणि जखम नसेल तर त्याला उचलून जवळच्या झुडपावर उंच ठेवावे आणि आपण दूर व्हावे. आई येते. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, ही समजूत खरी नाही. पिसे नसलेले पिल्लू पडले असेल आणि घरटे सापडले तर त्याला परत घरट्यात ठेवावे.

मांजराने पकडलेले पाखरू सुटले तर ते वाचले असे समजू नये. मांजराच्या दातांत आणि लाळेत रोगजंतू असतात. जखम टाचणीच्या टोकाएवढी असली तरी पाखरू एक-दोन दिवसांत मरू शकते. त्याला भोके पाडलेल्या खोक्यात फडक्यावर ठेवावे. खोके अंधारात आणि शांत जागी ठेवावे. चोचीत पाणी ओतू नये. ते श्वासात जाते. पशुवैद्यकीय दवाखान्यात लवकर न्यावे.

आणि मांजर माणसाला चावले किंवा ओरबाडले तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि लगेच आरोग्य केंद्रात जावे. मांजरापासूनही माणसाला पिसाळरोग होऊ शकतो.

मांजरे किती असावीत?

घराला एक मांजर पुरते. पण मांजरी वर्षाला दोन-तीन वेळा वेते. एका वेळी तीन-चार पिल्ले होतात. ती वाटून संपत नाहीत. मग कोणी ती बाजाराच्या गावी सोडतो, कोणी ओढ्याकाठी. त्यांतली पुष्कळ तडफडून मरतात. जी जगतात, ती पाखरांवर आणि कोंबडीच्या पिलांवर जगतात. त्यापेक्षा पशुवैद्यकीय डॉक्टरांकडून मांजराचे संततिनियमनाचे ऑपरेशन करून घ्यावे. बोक्याचेही होते. ऑपरेशन केलेला बोका भटकतो कमी आणि भांडतोही कमी. उंदीर मारण्याचा स्वभाव ऑपरेशनाने जात नाही.

जमत नसेल तर?

कोणाचे घर एका खोलीचे असते. मांजर आत ठेवायला दार नसते. शेजारच्या तीन घरची मांजरे अंगणात येतात. मग काय करावे?

मग दाणा घालू नये. हे ऐकायला कठीण वाटेल. पण दाणा घातला नाही म्हणून पाखरे उपाशी मरत नाहीत. गावाभोवती शेते आहेत, बांध आहेत, गवताचे बी आहे. पाखरू आपले पोट भरते. आपण दाणा घालतो तो पाखरावर उपकार म्हणून नव्हे. ते दारात यावे, ही आपली हौस असते. त्या हौसेपायी त्याचा जीव जात असेल तर ती हौस सोडावी.

पाखरांसाठी दुसरे पुष्कळ करता येते. बांधावर बोर, बाभूळ, उंबर राखावे. वळचणीला, मांजर पोचणार नाही अशा उंचीवर, लाकडी खोके टांगावे. त्याला सव्वा इंचाचे भोक ठेवावे. चिमणी त्यातून आत जाते. भोकापुढे दांडी लावू नये. तिच्यावर दुसरे जनावर टेकते. शक्य असेल तेथे फवारणी कमी करावी. यातल्या कशालाही मांजराची अडचण नाही.

ध्यानात ठेवा

१. दाणा आणि पाणी जमिनीवर नको, उंचावर ठेवा.
२. भिंत, गंजी, झुडूप यांपासून पाच हात दूर ठेवा.
३. मांजराला संध्याकाळी घरात घ्या. सकाळी उशिरा सोडा.
४. मांजराला पोटभर खायला द्या. रोज थोडे खेळवा.
५. औषध चोळलेले बी पाखरांना कधीही घालू नका.
६. मांजराची पिल्ले रानात सोडू नका. ऑपरेशन करून घ्या.
७. यातले काही जमत नसेल तर दाणा घालू नका. झाडे लावा.

मांजराला मांजराचा स्वभाव सोडता येत नाही. चिमणीला चिमणीची भूक सोडता येत नाही. शहाणपण दोघांनाही शिकवता येणार नाही. ते आपल्याजवळ आहे, तेव्हा वाटणी आपणच केली पाहिजे.

उत्तरे सांगा

१. पोट भरलेले मांजरसुद्धा शिकार का करते?
२. दूध शिंक्यावर का ठेवतात? पाखरांच्या दाण्याला तोच नियम कसा लागू पडतो?
३. खांबाला पत्रा कशासाठी बांधायचा?
४. पेरून उरलेले रंगीत बी पाखरांना का घालू नये?
५. पिल्लू जमिनीवर दिसले तर तुम्ही काय कराल?

करून पाहा

तुमच्या अंगणात कोणकोणती पाखरे येतात? आठ दिवस रोज सकाळी पाहा. त्यांची नावे आणि येण्याची वेळ वहीत लिहा. मांजर कोणत्या वेळी बाहेर असते, तेही लिहा. मग दोन्ही वेळा शेजारी शेजारी मांडा आणि वर्गात वाचून दाखवा.